दहाव्या वर्षी

आमच्या गावात मूल दहा वर्षांचं झालं की घर सोडतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं, माझी बोलण्यात चूक झाली. चूक नाही. चौथीत गुरुकुलाची, म्हणजे सरकारी निवासी शाळेची, परीक्षा द्यायची, उन्हाळ्यात निकाल लागतो, आणि जूनमध्ये पत्र्याची पेटी, ताट, पेला आणि बादली घेऊन पोर बसमध्ये बसतं. मग ते घरी येतं ते सुट्टीपुरतं. दहावी होते, इंटर म्हणजे बारावी होते, डिग्री होते, कुठेतरी नोकरी लागते. राहायला म्हणून परत कोणी येत नाही.

ही वाट आमच्या वस्तीला खुशाल सरांनी दाखवली. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, आदिलाबाद जिल्ह्याच्या बाजारहत्नूर मंडलातलं आमचं गाव. त्यात तीस-पस्तीस घरं आम्हा बौद्धांची, मराठी बोलणारी. आमच्या आज्यांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून जन्म काढला. आज त्याच घरांतून मास्तर निघालेत, नर्सा निघाल्यात, दोघे पोलिसात आहेत, आणि मी, शुभांगी, तहसील ऑफिसात ज्युनिअर असिस्टंट आहे. आम्हा सगळ्यांना खुशाल सरांनी आपल्या ओट्यावर बसवून गणित आणि तेलुगू शिकवलं, एक पैसा न घेता. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते त्यांना नाव ठेवायचं म्हणून सांगत नाही.

सरांचं स्वतःचं घर कधी सुटलं नाही, याचं शल्य त्यांना होतं. सोळाव्या वर्षी त्यांना आदिलाबादच्या हॉस्टेलात जागा मिळाली होती. वडील दारात आडवे बसले. "तू गेला तर आमच्याजवळ कोण?" म्हणाले. सर थांबले. त्यांच्याबरोबरचा भगवानराव गेला आणि हेडमास्तर होऊन रिटायर झाला. सर बाहेरून परीक्षा देत देत शिकले आणि गावच्याच मराठी शाळेत विद्या व्हॉलंटियर, म्हणजे हंगामी मास्तर, म्हणून लागले. दर उन्हाळ्यात ऑर्डर संपायची, दर पावसाळ्यात नवी यायची. ते आम्हाला म्हणायचे, "मी वेळेवर निघालो नाई म्हणून इथंच राह्यलो. तुमी निघा."

त्यांची बायको प्रतिभाकाकू. दीक्षा ही त्यांची एकुलती मुलगी. तिच्या पाठीवर दोन झाली होती, पण जगली नाहीत. त्यामुळे काकूंचा सगळा जीव दीक्षात. शाळा सुटून पाच मिनिटं झाली आणि ती दिसली नाही तर काकू हातातलं काम टाकून रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या.

दीक्षा आणि मी एका वर्गात. दोन हजार नऊ साली आम्ही दोघी परीक्षेला बसलो आणि दोघींना एकाच शाळेत सीट लागली, पार आसिफाबादच्या पुढे. माझ्या आईनं, आशाबाईनं, साऱ्या गल्लीत गूळ वाटला. सरांच्या घरी मात्र त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

"दोन वर्सं थांबा ना," काकू म्हणाल्या. मी ओट्यावरच होते. "बारा वर्साची होऊ द्या. तिले अजून येनीबी घालता येत नाई."

"येनी तिथं शिकन ती."

"आन रडली तर?"

"सगळ्याच रडतात. पंध्रा दिवस."

जायच्या आदल्या दिवशी काकूंनी तिचे केस खांद्यापर्यंत कापले, एकटीला विंचरता यावेत म्हणून. कापताना त्या रडत होत्या आणि दीक्षा हसत होती, मान हलकी झाली म्हणून.

पंधरा दिवसांत रडणं संपलं नाही. शाळा तेलुगू माध्यमाची. पहिल्या दिवशी मॅडम आम्हाला 'कूर्चो, कूर्चो' म्हणत होत्या आणि आम्ही उभ्याच. 'कूर्चो' म्हणजे बस, हे कळेपर्यंत सगळा वर्ग हसून दमला होता. मी हळूहळू शिकले. दीक्षा माझ्यापेक्षा हुशार, ती लवकर शिकली, पण तिचं मन लागेना. ती जेवताना रडायची, आंघोळीच्या रांगेत रडायची. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आई-वडिलांना भेटायची परवानगी असे. सकाळपासून आम्ही गेटच्या जाळीला नाक लावून उभ्या असायचो.

काकूंना बस लागायची. इच्चोडा, गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर असा तो रस्ता, घाटाघाटाचा, चार-पाच तासांचा. तरी पहिल्या वर्षी त्या दोनदा आल्या. दोन्ही वेळेला मायलेकी निंबाच्या झाडाखाली एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की वार्डन मॅडम येऊन सरांवर चिडल्या. परतीच्या बसमध्ये सर काकूंना म्हणाले, "तू आली का पोरगी मोडते. आता मी एकटाच जात जाईन." त्यानंतर काकू आल्या नाहीत.

दुसरं वर्ष. आम्ही सहावीत. नोव्हेंबर होता, गावाकडे कापसाची वेचणी चालू होती. त्या दुसऱ्या रविवारी दीक्षा पहाटेच उठली, केस धुतले, आणि पेटीतले सगळे कपडे काढून एका पिशवीत भरले. पुस्तकं भरली नाहीत. मला म्हणाली, "मी आज बाबासंग घरी जातो. मी गावातल्याच शाळेत शिकन."

मी म्हटलं, "बाबा नेणार नाहीत."

"नेतीन. मी आईचं नाव सांगन. आईले मी पाह्यजेच."

सर अकराच्या सुमारास आले. मी थोड्या अंतरावर माझ्या आईची वाट पाहत उभी होते. दीक्षानं पिशवी उचलली आणि सरळ त्यांच्या शर्टाचं टोक धरलं. ते काय बोलले ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. इतकंच दिसलं की सर खाली वाकून बराच वेळ समजावत होते, ती मान हलवत होती आणि शर्ट सोडत नव्हती. मग सर एक वाक्य बोलले आणि तिनं शर्ट सोडला. एकदम. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खाऊची पुडी दिली, आणि ते गेटबाहेर पडले. मागे वळून पाहिलं नाही.

माझी आई तासाभरानं आली, तिची बस पंक्चर झाली होती. दीक्षाला एकटी बसलेली पाहून तिनं तिलाही जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. जेवता जेवता आई सहज म्हणाली, "तुही आई सकाळी बोअरवर भेटली होती, दीक्षा. म्हणे, माह्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरव."

दीक्षानं मान वर केली. "आज सकाळी?"

"आजच. मी घागर भरून राह्यली होती, ती आली."

दीक्षानं भाकरी संपवली. ताट धुतलं. नंतर खोलीत जाऊन पिशवीतला एकेक कपडा घडी घालून परत पेटीत ठेवला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "आमच्या घराले कुलूप हाय." मला ती चेष्टा वाटली. मी अकरा वर्षांची होते.

त्या दिवसानंतर दीक्षा रडली नाही. वार्डन मॅडमनी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. वर्षाच्या शेवटी तिचा पहिला नंबर आला, आणि सरांनी गावभर सांगितलं की पोरगी रमली.

घरी ती यायची. दसऱ्याला यायची, संक्रांतीला यायची. पण येऊन बसायची ती खाटेच्या कडेवर, पिशवी पायाजवळ ठेवून. बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात जायची नाही. वाढलं तेवढं खायची, आणखी मागायची नाही. काकू माझ्या आईजवळ येऊन बसायच्या.

"आशाबाई, तुही शुभांगी घरी आली का काय करते?"

"काय करन? लोळते, भांडते, खाते."

"माही पावन्यावानी बसते," काकू म्हणायच्या. "इकडची सवय सुटली तिची."

मग काकूही जपून वागू लागल्या. जिला इथं करमत नाही तिला धरून कशाला ठेवायचं, असं त्यांना वाटायचं. सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी त्याच म्हणायच्या, "तुले तिथं बरं वाटते ना? मंग जाय, उशीर नको करू." दीक्षा "हो" म्हणायची. आठवीच्या उन्हाळ्यात शाळेनं हुशार मुलींसाठी शिबिर ठेवलं. जायलाच पाहिजे असं काही नव्हतं. दीक्षानं सर्वांत आधी नाव दिलं. नववीतही दिलं, दहावीतही. त्या तीन वर्षांत ती घरी किती दिवस राहिली असेल? महिनाभरही नाही.

इंटरनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी आदिलाबादला डिग्री केली. ती हैदराबादला नर्सिंगला गेली. तिथे नांदेडच्या मुलींबरोबर राहून तिची मराठी 'मला-तुला'ची झाली. पुढे तिला निजामाबादच्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्सची नोकरी लागली. तेव्हा सरांनी ओट्यावरच्या पोरांना पेढे वाटले. काकू आतून पेढ्यांचं ताट घेऊन आल्या आणि माझ्या आईला हळूच म्हणाल्या, "आता तर ती कायचीच येते."

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात काकूंचं पोट दुखायला लागलं. आदिलाबादला दाखवलं, नंतर हैदराबादला. लिव्हरचा कॅन्सर निघाला, आणि पसरलेला. दीक्षानं सगळं केलं. डॉक्टर तिनं शोधले, रिपोर्ट तिनं वाचले, कोणतं औषध कधी द्यायचं ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. दवाखान्यातल्या लोकांनी सरांना सांगितलं, अशी मुलगी नशिबानं मिळते.

आठ दिवसांची रजा घेऊन ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले होते. काकू खाटेवर होत्या, अंगावर हळदीसारखा पिवळेपणा. दीक्षा चहा करायला आत गेली. थोड्या वेळानं दारात येऊन तिनं विचारलं, "आई, साखर कुठं असते?"

"फळीवर. हिरव्या डब्यात," काकू म्हणाल्या.

ती आत गेली. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. साखर त्या घरात त्याच फळीवर, त्याच डब्यात होती, दीक्षा रांगत होती तेव्हापासून. मी काकूंच्या पायावरून हात फिरवत बसले. त्या भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "तिचा काय दोष, शुभांगी. मीच म्हणत होती, दोन वर्सं थांबा. पन गेल्यावर तिलेच घर नको झालं. तिच्या बाबानं एकदा चाल म्हटलं, तर नाई म्हणे ती. तेव्हाच मी समजून घेतलं."

मला काही माहीतच नव्हतं. आता वाटतं, मी विचारायला हवं होतं. कधी म्हटलं, कोण म्हटलं, एवढं जरी विचारलं असतं तरी चाललं असतं. काकू तेव्हा बोलत्या होत्या. दीक्षा दहा पावलांवर चहा गाळत होती.

जानेवारीत काकू गेल्या. घरीच गेल्या, सकाळी नऊ-साडेनऊला. दीक्षा आदल्या दिवशीच आली होती. ती मनगट धरून बसली होती, नाडी मोजत. काकूंना शेवटपर्यंत शुद्ध होती. त्या म्हणाल्या, "तू जाय आता. तुही ड्यूटी असन." दीक्षा म्हणाली, "रजा आहे." त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत, आणि तासाभरानं दीक्षानं हात खाली ठेवला.

पाचव्या दिवशी जलदानाचा विधी झाला. त्रिसरण-पंचशील झालं, लोक जेवले, चारच्या सुमारास घर मोकळं झालं. आत आम्ही तिघंच होतो. सर भिंतीला टेकून बसले होते. दीक्षा आणि मी काकूंची लुगडी घडी घालत होतो, वस्तीतल्या बायकांना वाटायला. दीक्षाच्या हातात एक निळं लुगडं होतं. ते मांडीवर ठेवून ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जसं आपण हवापाण्याचं बोलतो:

"आईला मी नकोच होते, नाही? असू दे. मी माझं करायचं ते केलं."

सर म्हणाले, "काय बोलून राह्यली तू?"

"खरंच बोलते. मी सहावीत पिशवी भरून गेटवर उभी होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, घराला कुलूप आहे, आई मामाच्या गावी किनवटला गेली, महिनाभर येत नाही. आणि आशामावशी म्हणाली, आई सकाळी बोअरवर भेटली." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस. म्हणजे आईनंच तुम्हाला सांगितलं असणार, पोरीला आणू नका म्हणून. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मला कळलं होतं. मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, बाबा."

सरांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ते आठवत होते. आधी त्यांना आठवेचना, आणि मग आठवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"तुह्या आईले मालूमच नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू पिशवी भरली ते. तू येतो म्हणत होती ते. मी सांगलंच नाई. तू शर्ट सोडत नव्हती, मले काई सुचेना. त्याच्या आधी एक पोरगी अशीच घरी नेली होती तिच्या बापानं, ते पोरगी परत शाळेत गेली नाई, सोळाव्या वर्सी लगन झालं तिचं. मले वाटलं तूबी... म्हणून मी बोललो कुलपाचं. मीच. माह्याच मनानं."

दीक्षानं मांडीवरचं निळं लुगडं बाजूला ठेवलं. मग तिनं विचारलं, "घरी गेल्यावर आईनं विचारलं असेल ना? दीक्षा काय म्हणते म्हणून?"

"इच्यारलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

सरांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. "सांगलं का रमली ते. मी चाल म्हटलं तर नाई म्हणे, असं सांगलं. तिनं रोजचं रडनं बंद कराव म्हणून."

बाहेर ओट्यावर कोणीतरी भांडी घासत होतं. त्याचा आवाज येत राहिला. मला काकूंचं भिंतीकडे फिरवलेलं तोंड दिसत होतं.

"तेरा वर्षं," दीक्षा म्हणाली. "मध्ये तेरा वर्षं होती, बाबा. ती सहा महिने इथं, या खाटेवर होती. एकदा तरी सांगायचं. तिला नाही तर मला."

सरांनी जे उत्तर दिलं त्याहून वाईट उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही, आणि ते खरं होतं हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

"मी इसरून गेलो होतो," ते म्हणाले.

दीक्षा ओरडली नाही. तिनं निळं लुगडं तेवढं आपल्या बॅगेत घातलं, तोंड धुतलं, आणि पाच वाजताच्या बसला जाऊन उभी राहिली. मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. रस्ताभर ती एकच गोष्ट बोलली. "मी तिच्याजवळ बसायची नाही, शुभांगी. खाटेवर जागा असायची तरी बसायची नाही. मला वाटायचं तिला अवघडल्यासारखं होईल." बस आली तेव्हा मी तिची बॅग आत चढवून दिली.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष तिनं सरांशी बोलणं ठेवलं नाही. त्यांनी फोन केला की ती उचलायची नाही, पण मला विचारायची, ते जेवतात का, बीपीची गोळी घेतात का. मी सांगत राहिले.

सरांनी ओट्यावरचं शिकवणं बंद केलं. शाळेतली ऑर्डर त्याआधीच संपली होती. त्या वर्षी वस्तीतली रेणुकाबाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली, परीक्षेची तयारी करून घ्या म्हणून. सर म्हणाले, "एवढ्यात पाठवू नका तिले. जवळ ठेवा अजून." रेणुकाबाई भडकली. मी तिच्या मागेच उभी होते.

"साऱ्या गावाच्या पोरायले शिकवलं, सर. कोणी नर्स झालं, कोणी मास्तर झालं. माह्या पोरीच्या वेळेलेच काऊन जीव कळवळला तुमचा? तिनं माह्यासंग कापूस येचाव का?"

सर उठून आत गेले. मी दहाव्या वर्षी गेले नसते तर आज खुर्चीवर बसले नसते. आणि माझ्या आईचं आणि माझं काय राहून गेलं ते आम्ही दोघींनी कधी तपासून पाहिलं नाही. ती बसलेली असली की मी अजून तिच्या मांडीवर डोकं ठेवते, ती ठेवू देते, म्हणून आम्हाला तपासायची गरज पडली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी सरांनी रेणुकाबाईच्या मुलीला बोलावलं आणि शिकवायला बसले. मुलगी पास झाली. यंदा ती पाचवीत आहे, गुरुकुलात.

गेल्या जूनमध्ये सर न कळवता निजामाबादला गेले. दीक्षा क्वार्टरमध्ये एकटी राहते. तिनं दार उघडलं, त्यांना पाहिलं, आणि आत घेतलं. पाणी दिलं, जेवायला वाढलं. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचं जुळतं.

ताट उचलताना ती म्हणाली, "तुम्ही माझी माफी मागू नका. तुम्ही एक करा. मी दहाव्या वर्षी गेले. त्यानंतर आई घरात काय करायची, काय बोलायची, ते मला माहीत नाही. मी नव्हते. तुम्ही होतात. मी ड्यूटीवरून आले की रोज थोडं सांगा."

पहिल्या दिवशी सरांनी पुष्कळ सांगितलं. काकूंनी मागच्या अंगणात मेथी लावली होती ते, दोन शेळ्या पाळल्या होत्या आणि एकीचं नाव दीक्षाच्या तोंडून लहानपणी निघालेल्या कुठल्याशा शब्दावरून ठेवलं होतं ते. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता ते अडले. काकू काय शिजवायच्या ते आठवत होतं, काय म्हणायच्या ते आठवेना. चौथ्या दिवशी दीक्षा येऊन समोर बसली, चहा ठेवला, आणि सरांनी मेथीचं पुन्हा सुरू केलं.

"हे पहिल्याच दिवशी सांगितलंत," ती म्हणाली.

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. चौतीस वर्षं एका घरात काढली आणि चार दिवसांत सांगून संपलं. "मी ओट्यावर राह्यचो, बेटा," ते म्हणाले. "ती आत राह्यची."

दीक्षा तेव्हा रडली. सहावीनंतर पहिल्यांदा, असं ती मला म्हणाली. सर तिच्याजवळ बसले, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांना हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी ते गावी परतले. आता ते सकाळी उठून वस्तीत फिरतात. कापूस वेचायला काकू ज्यांच्याबरोबर जायच्या त्या बायकांकडे जातात, दारात उभे राहतात आणि विचारतात, "प्रतिभा काय बोलायची वो तुमच्याजवळ?" बायका आधी लाजल्या. एवढा मोठा मास्तर, आणि बायकोचं आपल्याला विचारतो. आता त्या आठवून ठेवतात. परवा देवकाबाईनं सांगितलं, "कमीच बोलायची ती. पन वेचता वेचता गानं म्हणे, हळू हळू. कोनी आयकलं का बंद करे."

सरांनी ते दीक्षाला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "कोणतं गाणं?"

सर म्हणाले, "थांब, इच्यारून सांगतो," आणि चपला घालून परत देवकाबाईच्या घराकडे निघाले. देवकाबाईला गाण्याचे शब्द आठवले नाहीत.